भोकं पाडायला शिकताना

पंचेचाळीस वर्षं मी जाळी सांधली.
विणली नाहीत, सांधली. फरक आहे.
विणणारा दोऱ्यापासून सुरुवात करतो,
मी भोकापासून करायचे:
खडकानं फाडलेलं, सीलनं फाडलेलं,
कधी नुसत्या आळसानं वाढलेलं.
वार्डोच्या धक्क्यावर, पत्र्याच्या शेडमध्ये,
सपाट लाकडी सुई दातांत धरून.

म्हणून इबिसोनं ते कापड उलगडलं
तेव्हा हात आपसूक खिशाकडे गेला.
लाल-निळ्या चौकटी,
आणि चौकटींच्या पोटात भोकंच भोकं.
"कसर लागलीये," मी म्हणाले.
ती हसली.
वृद्धाश्रमातली रात्रपाळी उरकून आलेली बाई
एवढं मोठ्यानं हसू शकते, हे मला माहीत नव्हतं.

तिच्या बुगुमाला, खाडीकाठी,
कापड भारतातून येतं, मद्रासी चौकटीचं.
बाया ते तसंच नेसत नाहीत.
आधी दाढीचं पातं घेतात,
एकेक दोरा उचलतात, कापतात, ओढून काढतात.
जे उरतं ती नक्षी.
पेलेते बिते, ती म्हणाली, कापल्या दोऱ्याचं कापड.
मी तीनदा म्हणून पाहिलं, तिन्ही वेळा चुकले.
"परक्याचं कापड आमचं कसं झालं?
त्यातलं थोडं थोडं काढून टाकून."

मी करू का, विचारलं.
"जमलं तर कर. नेसू मात्र नकोस.
नेसायचं तर बेलेमा आत्याला विचारावं लागेल,
आणि ती नाही म्हणेल."
म्हणून पोलकं.

नोव्हेंबरात सूर्य गेला, तशी बसले.
जुनं पोलकं उसवून त्याच्यावर बेतलं,
काखेत दोन बोटं जास्त धरली, वय झालंय.
मग पातं.
उभे दोन सोडायचे, आडवे तीन उचलायचे.
पहिल्या आठवड्यात बाही वाया गेली.
दुसऱ्यात अंगठा.
एके सकाळी पाहते तर
काल पाडलेली चार भोकं रफू झालेली,
बारीक, सुबक, माझ्याच टाक्यांनी.
घरात दुसरं कोणी नाही.
मला आठवतही नव्हतं.

ती पुन्हा कापताना आयलिफ आठवला.
त्या साली बोट परत आली, जाळं आलं,
मी ते धक्क्यावर पसरून हातानं चाचपलं,
टोकापासून टोकापर्यंत.
एक भोक नव्हतं.
भाऊ तेवढा नव्हता.
सांधायला काहीतरी हवं होतं त्या दिवशी.

असो.
जानेवारीत किल्ल्यावरून तोफा झाल्या,
शाळेला सुट्टी मिळाली, सूर्य आला म्हणाले.
किनाऱ्यावर धुकं होतं, मला दिसला नाही.
पोलकं तर लोकरी कोटाच्या आत, गळ्यापर्यंत बंद.
भोकाभोकातून वारा मात्र बरोबर शिरत होता,
त्याला कोणी पत्ता दिला कोण जाणे.

वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात कोट काढला.
इबिसोनं ओले हात पुसले,
जकात अधिकाऱ्यासारखी शिवण उलटून पाहिली,
काजं पाहिली, हेमटाका पाहिला.
"शिवण चोख आहे," म्हणाली.
मग बराच वेळ काही नाही.
"नक्षी मासळीच्या जाळ्यासारखी झालीये, ऑडनी."
झालीच होती.
चाळीस संध्याकाळी तिच्या घरासारखं करायला बसले,
आणि हात फिरून आपल्या शेडमध्ये गेले.

तिनं फोटो पाठवला बुगुमाला.
आम्ही कॉफी केली. एक म्हातारा वाटाणे मागत आला.
मग फोन वाजला, आत्याचा,
खूप वेळ, खूप चढ्या आवाजात.
मी बाही खाली ओढून घेतली.
"विचारतेय, ही कोण बाई?
आणि हिला दोरे मोजायला शिकवलं कोणी?"

माशांनी, म्हटलं. तसंच सांग.