डोरीनचे कागद

हडर्सफील्डच्या माझ्या दुकानात
(पँटची लांबी, झिप बदलणे, लग्नाचे पोशाख सैल करणे)
आजवर एकच माणूस कामाला होतं: मी.
मी मला कधी रजा दिली नाही,
आणि मागितलीही नाही.

मग नाताळ तोंडावर आला, खांद्यातली शीर आखडली,
काचेवर पाटी लावली. आली डोरीन हेग.
वय अठ्ठावन्न. गिरणीच्या शेवटच्या पाळीत होती म्हणे.
उभ्या उभ्या एक उसवलेली बाही उचलली
आणि बोलता बोलता शिवून परत दिली.
टाका दिसेना.
म्हटलं, झालं. उद्यापासून ये.

झालं कुठे?
हिशेबनीस मिस्टर ओकाफोर फोनवर म्हणाले,
आधी तिला या देशात काम करायचा हक्क आहे का ते बघा.
कुणाला? डोरीनला?
जिचा आजा इथल्याच चर्चमागे पुरलाय?
सगळ्यांना सारखंच विचारायचं, ते म्हणाले,
आडनाव ऐकून कुणाला सोडायचं नाही.

एकवीस वर्षं मी काचेच्या अलीकडे उभी राहिले,
फाइल छातीशी धरून:
बोटांचे ठसे, बँकेची पत्रं, लग्नाचे फोटो,
हा नको, यात नवऱ्याचे डोळे मिटलेत.
आज पहिल्यांदा काचेच्या पलीकडे बसले
आणि घाम मलाच फुटला.

"पासपोर्ट नाही गं," डोरीन म्हणाली, "कुठे गेलेच नाही कधी.
एकदा स्कारबरोला. पण तिथे लागत नाही."

बिस्किटांच्या डब्यातून जन्मदाखला आणला,
चार घड्यांचा, घडीवर झिजलेला.
त्यावर डोरीन साइक्स,
म्हणून मग साइक्सची हेग कशी झाली त्याचा दाखला,
आणि सरकारी विमा नंबराचं पिवळं पडलेलं पत्र.
ती समोर उभी, हात पुढे बांधून.
मी मूळ कागद उजेडात धरला,
झेरॉक्सवर तारीख घातली.
"आहे ना मी?" तिनं विचारलं.
"आहेस," म्हणाले. सही केली.

मग करार. पहिल्याच दिवशी, लेखी.
तासाचा दर. मधली वीस मिनिटं.
आजारी पडली तर फोन कुणाला (मला).
बोटात सुई घुसली तर विमा,
त्याचं प्रमाणपत्र भिंतीवर, गणपतीशेजारी.
वर्षाला अठ्ठावीस दिवस भरपगारी रजा.
अठ्ठावीस. मी दोनदा वाचलं.

बार्शीला अण्णांच्या दुकानात मौलाली होता.
काजं करायचा. एकतीस वर्षं.
सकाळी फळ्या काढायचा, रात्री लावायचा.
ईदेला सुट्टी, आणि बायको गेली तेव्हा तीन दिवस.
पगार अण्णा खिशातून काढत, न मोजता देत;
तो न मोजता घेई.
"तो काय नोकर आहे? घरचाच आहे."
केवढा अभिमान होता आम्हाला त्या वाक्याचा.
घरच्याला कुठला आलाय करार.
एका दिवाळीत त्याला सुईचं नेढं दिसेनासं झालं.
अण्णांनी घोंगडी दिली, आईनं लाडवांचा डबा.
डबा त्यानं घासून परत पाठवला.

शेवटचं पान पेन्शनचं.
तिच्या पगारातून पाच टक्के, माझे वरून तीन.
नको असेल तर तिनंच कळवायचं,
मी तसं सुचवायचंसुद्धा नाही.
डोरीननं चष्मा पुसला, बोट ठेवत ठेवत वाचलं.
"हे घेणार मी," म्हणाली, जरा मोठ्यानंच.

चारला ती गेली. चारच्या ठोक्याला, कोट घालून.
मी कॅल्क्युलेटर ओढलं.
तिचे तीन टक्के लगेच निघाले.
मग कसं कोण जाणे, बार्शीचे काढायला बसले:
एकतीस गुणिले बारा गुणिले
किती?
अण्णांनी मोजले नव्हते. त्यानंही.
बोट तसंच राहिलं बटणावर.

मशिनशेजारी एका कोटाची काजं राहिली होती.
हात गेला होता, मागे घेतला.
उद्या डोरीन करेल. नऊ वाजता.