विसावा हात

सावद्यात केळीच्या वखारींकडे वळताना
डाव्या अंगाला माझी पाटी दिसते.
भंगाळे, मग चार अक्षरांची रिकामी जागा,
मग मोटर रिवाइंडिंग वर्क्स.
ती जागा मी दर वर्षी बुजवून घेतो.
दर मे महिन्यात पत्रा तापतो,
रंगाला फोड येतात, पापुद्रे सुटतात
आणि आतून तो परत येतो.
आधी 'खे'ची मात्रा, मग एखादा काना,
मग अख्खा नारखेडे,
निळ्या ऑइलपेंटात, पिवळ्या सावलीसकट.

लतीफ पेंटर म्हणायचा,
शेठ, खालचा रंग लई पक्का आहे.
तेव्हा मन लावून काढलं होतं.

लोक विचारतात, झालं काय तुमच्यात?
पैशाचं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.
पै न पै मोजून दिली त्यानं,
वर तारेचं अर्धं रीळ माझ्याकडे जास्तच राहिलं.

मी आत होतो, व्हार्निश वाळवत.
बाहेर चिनावलचा एक गिऱ्हाईक, पाच एचपीची मोटर घेऊन आलेला.
त्याला नारखेडे हळूच म्हणाला,
"भो, भंगाळ्याचा हात कापे आता.
मोटर माह्याच हातात देजो."

एवढंच.

एकोणीस वर्षं हे कुणाला सांगितलं नाही.
सांगायला काढलं की केसाएवढं दिसतं,
समोरचा म्हणेल, बस?
पण केसाएवढ्या तारेचंच तर आमचं काम.
एकेक वेढा मोजून द्यायचा,
वेढ्याला वेढा चिकटलेला, तरी मध्ये व्हार्निशचा पातळ थर,
म्हणून जळत नाही काही. नुसतं गरम राहतं.
रात्री दुकान बंद केल्यावरसुद्धा
हात लावला तर कळतं.

हिवाळ्यात भरताच्या पार्टीला एकाच पंगतीत बसलो.
पऱ्हाट्यांच्या जाळावर वांगी फुटत होती.
त्यानं मिरचीचा ठेचा पुढे सरकवला,
मी पाणी प्यालो.
त्याची बायको गेली तेव्हा गेलो होतो.
तापीकाठी उभं असताना खांद्याला खांदा लागला,
मी अर्धं पाऊल सरकलो.
ते अर्धं पाऊल अजून झोपेत आठवतं.

माय वाळकाचा शेंडा कापायची,
तोच तुकडा त्याच्या तोंडावर गोल गोल घासायची.
पांढरा फेस यायचा. म्हणायची, निघालं बघ कडू.
आम्ही पोरं फेसच बघत बसायचो.
घासणं कधी थांबवायचं
हे तिला कसं कळायचं, विचारायचं राहून गेलं.

एक गोष्ट मात्र सांगून टाकतो.
तो खोटं बोलला असता
तर मी केव्हाच सोडून दिलं असतं.

लतीफ या थंडीत वारला.
त्याचा पोरगा म्हणतो, काका, फ्लेक्स लावा,
फ्लेक्सला पापुद्रे येत नाहीत.
नको म्हटलं.
का नको, ते त्यानं विचारलं नाही, बरं झालं.

आज मीच डबा उघडला.
चहावाल्याच्या पोराला स्टूल धरायला लावलं,
उन्हं चढायच्या आत वर चढलो.
'ना'वर ब्रश टेकवला.
नारखेडे जागचा हलला नाही.
ब्रश घसरला डावीकडे
आणि माझाच 'ळे' अर्धा पुसून गेला.
पांढरा ओघळ कोपरापर्यंत आला.

खालून पोरगं म्हणालं,
बाबा, स्टूल हालतंय का?

हो म्हटलं.
स्टूलच हालतंय. नीट धर.