मीटरला तीन मिली

टेपचं एक टोक सिद्ध्याच्या हातात,
दुसरं माझ्या. मधे कलम.
"सात मीटर!" तो पलीकडून ओरडतो,
मी एकवीस मिली ओततो बादलीत
आणि बुंध्याभोवती पहारीने पाडलेल्या भोकांतून
मापटं मापटं पाजत जातो.
कातळ वर आलेला. पाऊस अर्धा तास उघडलेला.
करारदाराचं बजावणं: एकही कलम सुटता कामा नये.

औषध काय करतं?
वाढ विसरायला लावतं.
उंच व्हायचं, तांबूस पालवीतून
वाघोटनच्या खाडीकडे डोकवायचं,
राहू दे म्हणतं ते सगळं,
मोहोर काढ.

पडवीत त्याच बाटलीशेजारी युरियाचं पोतं.
संध्याकाळी खाली मळ्यात उतरून
तेच हात भाताला उलट सांगतात:
वाढ. वाढ की.
मोंडकरांचं शेत काळंभोर हिरवं दिसलं
म्हणून दोन पसे जास्तच फेकले,
हे कुणाला सांगितलं नव्हतं.

भात ऐकतं. जरा जास्तच ऐकतं.
हस्ताची एक सर,
आणि सगळं कमरेत मोडून आडवं,
लोंब्या चिखलात.
सत्यभामाकाकी बांधावर उभी राहून म्हणाली,
"जेवूक घातलंस रे,
उभा रवाक नाय शिकवलंस."

पौषात बाग मोहोरली.
एक्केचाळीस कलमं, मी मोजली,
वासाने डोकं जड होईल इतकी.
बेचाळिसावं विहिरीमागचं.
तिथे टेप कुंपणात अडकली होती,
"मामा, जाऊं दे, पाऊस इलो," म्हणाला होता सिद्ध्या,
आणि आम्ही दोघं पळालो होतो.
त्याने एक तुरा काढला नाही.
भर थंडीत नुसतं पालवलं,
लाल, ओलं, लुसलुशीत,
कुणी न विचारता.

करारदार येऊन शिव्या घालून गेला.
मी त्याच सावलीत भाकरी सोडली.
इथून बाकीची जवळून दिसतात:
पेरं आखूड, पानं झुबक्यात,
मूठ आवळून बसल्यासारखी.
त्यांना यंदा शेणखत दुप्पट, वहीत लिहिलंय.

बाटलीत चोवीस मिली उरलंय.
फडताळात वर ठेव, सांगितलं सिद्ध्याला,
पण टेप दे इकडे.
विहिरीमागचं आठ होतं अंदाजाने,
आता साडेआठ झालं असेल.