क्लिप

लरेडोत जूनमध्ये रेझिन वाटीतच थिजतं,
म्हणून युसेबियो रात्री काम काढतो.
ब्युइकचं दार दोन स्टुलांवर आडवं, पोट उघडं.
आत निघाली केसाची एक पिन,
पुलावरच्या टोलची पावती, बापाच्या वेळची,
आणि पसाभर गंज.

एमडीएफची कडी, साडेसहा इंची.
तिच्यावर जुनं फ्लीसचं जाकीट ताणून
स्टेपल मारले. मग रेझिन, मग पुट्टी,
मग घासत बसलो, पापण्या पांढऱ्या होईतो.
"काच खाली येते का बघ," मी म्हणालो.
बोटभर अडत होती.
पुन्हा कापलं.

पत्र्याला आतून डांबरी चादर, सगळ्या क्लिपा नव्या.
दार लावलं : धप्प.
जाड, श्रीमंत, परकं.

गाणं लावायच्या आधीच
त्याची आई, हेर्लिंडा, जाळीच्या दारात आली.
"खडखडायचं ना ते,
तेव्हा झोपेतही कळायचं, कोण घरी आलं.
आधी तो. मग तू."

युसेबियो काही बोलला नाही.
खालच्या कोपऱ्यातली एक क्लिप उपटून
त्यानं खिशात टाकली.

आता प्रत्येक ठोक्याला तो कोपरा कुरकुरतो.
कॉर्पस क्रिस्टीच्या स्पर्धेत
त्यापायी चार गुण गेले.