प्रश्नोत्तरांची वेळ

सावद्याच्या शाळेचं पटांगण,
दोनशे खुर्च्या, दोन भोंगे, एक कॉर्डलेस.
साउंड तडवीचा, म्हणजे माझा.
फळ्यावर खडूनं विषय : विषाणू आला कुठून?

फिरके सर उभे राहिले तेव्हा
ऊन उतरलं होतं, झळ नव्हती उतरली.
एकतीस वर्षं पोरांना बेडूक चिरायला शिकवलेला माणूस.
बोलणं केळीच्या वाळल्या पानासारखं,
कोरडं, पण वाजणारं.

म्हणाले, एक वाट वटवाघळापासून निघते,
बाजारात मध्ये कुणी भेटलं असेल, नसेल.
दुसरी प्रयोगशाळेच्या दारातून,
दार उघडं राहिलं असेल, नसेल.
"केळीवर सीएमव्ही आला तेव्हाचं आठवा.
निम्मे म्हणाले टिश्यूच्या रोपातून,
निम्मे म्हणाले बांधावरच्या काकडीतून, माव्यानं.
बाग उपटून झाली, भांडण उभंच."
लोक हसले. मी आवाज थोडा वाढवला.

"सर, गोल नका फिरवू भो, एकच सांगा!"
चीननं मुद्दाम केलं, पुढची रांग म्हणाली.
औषधवाल्यांनी, म्हणाली तिच्या मागची.
एकानं हात वर न करताच टॉवरचं काढलं.
सर पाणी प्यायले.
"पुरावा जेवढा, तेवढंच तोंड उघडावं.
मला माहीत नाही."

भोंग्यातून ते बसस्टँडपर्यंत गेलं.
पाणीपट्टी, वरात, कोणतं बटण दाबायचं,
माझ्या भोंग्यांनी आजवर उचललं ते सगळं ठाम.
हे वाक्य त्यांना नवीन होतं.

मग बायकांच्या बाजूनं एक हात.
मी माईक घेऊन गेलो. वायर नव्हती,
तरी पाय अडखळला :
जंगलू कोळ्याची दीपमाला.
बाप केळी घेऊन दिल्लीला गेला, आला,
चौथ्या दिवशी खोकला.

"सर, जगाचं तुम्हाला माहीत नाही.
आमच्या गावाचं मात्र
सकाळी दहालाच ठरलं होतं.
ते कसं?"

खुर्च्या करकरल्या.
सरांनी चष्मा काढला,
पुसला, पुसतच राहिले.

त्या वर्षी रिक्षाला भोंगा बांधून
गल्लीगल्लीत मीच फिरलो होतो.
कागदावर होतं, अमुक भागात जाऊ नये.
नाव नव्हतं.
नाव मी माझ्या पदरचं घातलं.
चौकात दोनदा.

जंगलूकाका वाचला.
स्टिअरिंग मात्र पुन्हा कुणी हातात दिलं नाही.
आता वखारीवर घडांना रद्दी गुंडाळतो.

आणि त्याच्या खोकल्याआधी आठ दिवस
माझी बहीण बुऱ्हाणपूरहून आली होती
अंगात ताप घेऊन.
आम्ही म्हटलं, ऊन लागलं.
कांदा फोडला, कपाळावर ठेवला.

माईक दीपमालाच्या हातात चालूच होता,
तिचा श्वास बसस्टँडपर्यंत जात होता.
अध्यक्षांनी मला खूण केली, बंद कर.
मी बंद नाही केला.
बोललोही नाही.
आभार झाले, चहा झाला.
भोंग्यांच्या वायरी गुंडाळायला
त्या दिवशी रात्रीचे अकरा वाजले.