ओगले, वरचा

रास्ता पेठेत, पिठाच्या गिरणीवर, एक खोली.
जिना इतका अरुंद
की कॅनव्हास डोक्यावर धरून चढावं लागतं.
तिथे सनोबर मॅडमनी माझ्यासमोर
प्लास्टरचे ओठ ठेवले.
नुसते ओठ. कुण्या परदेशी पुतळ्याचे,
नकलेची नक्कल, हनुवटीचा टवका उडालेला,
वर नाक नाही, बाजूला गाल नाहीत.
मिटलेले.

मी मनात हसलो.
एकतीस वर्षं डॉक्टरांच्या मागच्या खोलीत
हेच तर कालवलं: रबरी वाटीत पाणी, पाण्यात पूड,
टेबलावर ठकठक करून बुडबुडे काढायचे,
मग आवळत जाताना ते तापतं,
अंगात कसर असलेल्या पोराच्या कपाळासारखं.
प्लास्टर मला शिकवणार?

"पांढऱ्याची ट्यूब आधी बाजूला ठेवा," मॅडम म्हणाल्या,
माझ्या धाकट्या मुलीच्या वयाच्या.

पांढऱ्याचं मला नका सांगू.
सोळा पांढरे मी झोपेतही ओळखेन.
चहाचा, मिश्रीचा, चाळिशी उलटल्यावरचा,
नवरीच्या आईने हट्टाने मागितलेला.
खिडकीकडे तोंड करा म्हणायचं,
दातांशेजारी पट्टी धरायची,
ए-टू, बी-थ्री, की लिहून मोकळं.

त्या सोळांतला एकही
या ओठांवर बसेना.

चार रविवार गेले.
माझे ओठ दुकानात मांडल्यासारखे दिसत होते.
"तुम्ही ओठ काढताय," मॅडम म्हणाल्या.
"नाव विसरा. डाग बघा."

नाव विसरा!
जन्मभर मी प्लास्टरच्या बुडाशी
पेन्सिलीने नावंच तर लिहिली.
हसबनीस, खालचा. पिल्ले, दोन्ही.
ओगले, वरचा.

मग एका गुरुवारी पेठेतली वीज गेली,
गुरुवारी दुरुस्तीला जाते तशी.
खाली गिरणी थांबली. दिवा गेला.
खिडकीतून आला तो उजेड
समोरच्या बँकेच्या पिवळ्या भिंतीवर आपटून आलेला.
आणि खालच्या ओठाच्या पोटाशी
टेबलावरच्या लाल फडक्याचा रंग
चोरासारखा चढून बसला होता.
इतके दिवस कुठे होता?
अंबर घेतला, चिमूटभर निळा, गेरूसारखं काहीतरी,
चाकूने कालवलं.
हात कालवणं विसरला नव्हता.

राहिली दोन ओठांमधली फट.
केसाएवढी.
मी काळा उचलला.
मॅडमनी हात धरला नाही,
नुसतं "बघा" म्हणाल्या.

बघितलं.
काळं नव्हतं तिथे. ऊब होती.

ओगलेबाई खुर्चीत पदर तोंडाला लावून बसल्या होत्या.
"आ करा, बाई." दहा वेळा. पंधरा वेळा.
शेवटी पदराआडूनच त्या म्हणाल्या,
"मिटल्या तोंडाचं माप घेता येत नाही का हो?"
डॉक्टर हसले. साहित्य हातात घट्ट होत होतं,
तरी मीही हसलो.
कवळी झाली. न्यायला कुणी आलं नाही.
खोली रिकामी केली तेव्हा
दोन पोती ठोकळे कचऱ्याच्या गाडीत गेले.
त्यात त्यांचा होता का,
आठवत नाही.

वीज आली तशी पट्टा फिरू लागला,
फरशी थरथरली,
आणि फळ्यांच्या सांध्यांतून वर आलेलं पीठ
सावकाश ओल्या रंगावर बसलं.
ज्वारीचं असावं.
"फुंकू नका," मॅडम म्हणाल्या, "आणखी रुतेल."
तेलरंग आहे, सुकायला महिना लागतो.
तोवर काय काय येऊन बसेल कोण जाणे.

कॅनव्हासच्या पाठीवर नाव-तारीख घालायची पद्धत आहे.
मी कडांना धरून तो उलटा केला,
सवयीने लिहून गेलो: ओगले.
स्वल्पविराम दिला.
पुढे पेन्सिल
तशीच धरून उभा राहिलो.