टीप क्रमांक सतरा

सोळा वर्षं मी मिरजेत लोकांना सांगत आले,
"श्वास घ्या. धरून ठेवा. हलू नका. सोडा."
इतक्या वेळा, की झोपेतही पुटपुटायचे,
आणि शेजारी हे निमूट श्वास धरायचे.

रिपोर्ट लिहायचे डॉक्टर,
पण डाग आधी मला दिसायचा.
फिल्म ओली असतानाच कळायचं,
या म्हाताऱ्याला बाहेर बसवून
त्याच्या मुलाला आत बोलावतील.

मग हॉस्पिटल बुडालं.
पाच महिन्यांचा पगार थकला तेव्हा
मॅनेजमेंटनं ताळेबंद पुढं टाकला:
बघा, तुम्हीच बघा, तोटा आहे.
बघितला. नर्सा, वॉर्डबॉय, लॅबमधला बाबालाल मुजावर,
सगळ्यांच्या हातांतून फिरला तो कागद.
माझ्याकडे आला तेव्हा मी सवयीनं
खिडकीकडे वळून उजेडात धरला.
कुणी हसलं नाही.

विश्रामबागेत, मोबाइलच्या दुकानावर, लोखंडी जिना चढून क्लास.
पहिल्या दिवशी मी आत शिरले आणि पोरं उठून उभी राहिली.
शेवटच्या बाकावर बसले तेव्हा
एक जण हळूच म्हणाला,
"काकू, पालकसभा शनिवारी असते."

आवटी सर माझ्याहून नऊ वर्षांनी लहान.
त्यांनी घसारा शिकवला:
वापरातली वस्तू दर साली थोडी थोडी मरते,
ते मरण लिहून ठेवायचं, एवढंच.
मी वहीच्या मागच्या पानावर माझ्या मशीनचा घसारा काढला.
मग माझा काढायला घेतला.
आयुष्य किती वर्षं धरायचं ते कळेना,
खोडून टाकलं.

नावे आणि जमा महिनाभर उलटंच दिसायचं,
जसं नवख्याला फिल्ममधलं काळीज
भलत्याच बाजूला दिसतं.
"संशयित बुडीत येणी" मात्र
पहिल्या वाचनात समजलं.

दुसऱ्या दवाखान्यात रात्रपाळी धरली.
शिशाच्या दाराआड कॉस्टिंग,
दोन पेशंटांमध्ये एक गणित.
हायवेला अपघात झाला, की तेही नाही.
पहिला निकाल: कॉस्टिंगला अडतीस.
चाळीस लागतात.
सासूबाई म्हणाल्या, "दोनच की गं,"
जणू मंडईत वर टाकून घेता आले असते.

तिसऱ्या खेपेला सुटले.

त्या रात्री तो जुना ताळेबंद काढला,
घड्यांवर फाटलेला.
उजेडात धरला नाही, टेबलावर ठेवला.
आधी टिपा वाचायच्या, हे सरांनी शिकवलं होतं.
टीप क्रमांक सतरा. संबंधित पक्षांस दिलेली कर्जे.
एका विश्वस्ताच्या मेहुण्याची कंपनी, बिनव्याजी,
टाचणीच्या डोक्याएवढी ओळ.
रक्कम आमच्या पाच महिन्यांहून
जरा जास्तच.

पगार काही आला नाही.
मुजावरला फोन केला. तो आता इस्लामपुरात रक्त काढत फिरतो, घरोघर.
बराच वेळ गप्प राहिला,
मग म्हणाला, "म्हणजे डाग होता."
होता, म्हटलं.

आता आर्टिकलशिप. माझी सीनियर पूर्वा शेटे, वय तेवीस,
मला अहो म्हणावं का अगं, अजून ठरवतेय.
काल हरिपूरला स्टॉक तपासायला गेलो.
उरल्यासुरल्या पेवांपैकी एक उघडलं.
वास आला, हळदीचा, जुना, दाबून ठेवलेला.
पूर्वा वहीसकट मागं सरली. मी वाकले.
हमालानं दोरीला कंदील बांधला,
आत हवा आहे का बघायला.
"बाई, दम धरा," तो म्हणाला.

धरला.
कागदावर पेव गळ्यापर्यंत भरलेलं होतं.
कंदील खाली गेला,
आणखी खाली गेला,
दोरी सुटतच राहिली.